एकदाच विचारायचं

चौसाळ्यात माझ्या कामाचं नाव कुणाला धड सांगता येत नाही. आई म्हणते, "पोरगं जहाजावर साहेब हाय." वडिलांचं फाट्यावर भज्याचं हॉटेल आहे. ते गिऱ्हाइकांना सांगतात, "काय न्हाई हो, लग्नात एकजण माइकवर बोलत असतो ना, तसलंच. फक्त लग्न पाण्यात." गिऱ्हाईक हसतं. मला राग यायचा. घराण्यात पहिला बी.ए. मी. बीडच्या कॉलेजात गॅदरिंगचा माइक हातात घेतला तो पुन्हा सोडला नाही. जहाजावर गेलो तेव्हा खुर्च्या पुसायचो. आठव्या वर्षी क्रूझ डायरेक्टर झालो. हे मी फुशारकीनं सांगतो, कारण फुशारकी मारण्यासारखंच आहे.

काम सांगायचं तर असं. जहाज चालवतो कप्तान, जेवण बघतो शेफ. पण घरी गेल्यावर माणूस "लई मजा आली" म्हणणार की "ठीक होतं" म्हणणार, ते माझ्यावर असतं. सकाळी सगळ्या मजल्यांवर पहिला आवाज माझा जातो. आज काय बघायचं, कुठं जमायचं, पाऊस आला तर डेकवरचा कार्यक्रम कुठं हलवायचा. कोण एकटा बसून चहा पितोय, कुठलं जोडपं सकाळपासून बोललेलं नाही, कुणाची सासू रुसलीय, हे सगळं माझ्या नजरेत असावं लागतं. आणि चेहरा हसरा. आजी वारल्याचा फोन आला त्या दिवशीही मी संध्याकाळचा कार्यक्रम केला, आणि तो चांगला झाला.

मला हे काम शिकवलं ते एका गोव्याच्या बाईंनी. त्यांचा एक नियम होता, पुढं मीही तो माझ्या हाताखालच्या पोरांना शिकवला. प्रवाशाला स्टेजवर यायचं एकदाच विचारायचं. तो नाही म्हणाला की हसून पुढच्याकडं वळायचं. बाई म्हणायच्या, "त्याने सुट्टी घेतलीय. तुझी ड्यूटी नाही घेतलेली."

हा नियम अंगात मुरायला मला फार दिवस लागले. आमच्याकडं पहिलं "नको" हे नको नसतंच. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा भीड म्हणून. तिसऱ्यांदा आपण त्याच्या ताटावरचा हात बाजूला सारून वाढतोच, आणि तो पोटभर जेवतो. उलट एखाद्याला एकदाच विचारलं आणि त्यानं नको म्हटल्यावर गप्प बसलं, तर तो उठून जातो आणि जन्मभर विसरत नाही. माझ्या आत्याच्या मालकांनी एका सोयऱ्याकडं जाणं-येणं तोडलं ते एवढ्याच कारणावरून, चहाचं एकदाच विचारलं म्हणून. यात कुणालाही काही चुकीचं वाटलं नव्हतं.

मागच्या वर्षी एका फेरीला दुपारच्या जेवणाच्या रांगेत मागून आवाज आला, "कावून बे, ह्या भाजीला काय मीठ-मिरची न्हाई का?"

"कावून" ऐकलं आणि मी गर्रकन वळलो. 'का'साठीचा आमच्याकडचा तो शब्द जहाजावर इतक्या वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. पांढरी दाढी, पायात नवे सँडल, हातात ताट. माजलगावचे निघाले. मोटार वाइंडिंगचं दुकान. मुलानं हट्टानं दोघा नवरा-बायकोला सहलीला पाठवलेलं. मी चौसाळ्याचा म्हटल्यावर त्यांनी ताट ठेवूनच दिलं.

"चौसाळ्याचा? अन् हितं काय करतोस?"

"हितला सगळा कार्यक्रम माझ्याकडं असतो, चाचा."

"मायला!" ते म्हणाले. "आमी जिंदगीभर पाणबुड्या दुरुस्त केल्या, पण समुंदर आत्ता बघितला. अन् तू तर हितलाच होऊन बसलास की."

पाणबुडी म्हणजे बोअरमध्ये सोडतात ती मोटार. त्यांच्या पलीकडं चाची उभ्या होत्या, त्यांनी पदर सावरत माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "जेवतोस ना बाबा वेळेवर?" दोन दिवस मी त्यांच्या टेबलाशी जाऊन-येऊन होतो. खरं सांगायचं तर मला त्यांची काळजी नव्हती. मी माइकवर उभा राहतो तेव्हा आपल्याकडच्या कुणीतरी बघावं, गावी जाऊन सांगावं, एवढीच माझी हाव होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी समुद्र जरा उसळत होता. चार वाजता पोहण्याच्या तलावाशेजारी नाचगाण्याचा कार्यक्रम होता. शे-दोनशे माणसं जमली होती, पण थंड. कुणी पुढं येईना. तेवढ्यात चाचा कडेकडेनं चाललेले दिसले. मी माइकवरूनच हाक मारली, "या की चाचा वर!"

ते थांबले. हात हलवला. "न्हाई बाबा, मला न्हाई जमत."

इथं नियमानं मी पुढच्याकडं वळायला पाहिजे होतं. मी खाली उतरून त्यांच्याजवळ गेलो.

"घरातलीला चक्कर येऊ लागली," ते हळू आवाजात म्हणाले. "उलट्या चालू हायत. तिच्यासाठी लिंबू घेऊन चाललोय." त्यांच्या मुठीत कागदी रुमालात गुंडाळलेल्या लिंबाच्या दोन फोडी होत्या.

"दोन मिनिटांनी द्या की. चाची कुठं पळून चालल्यात का?"

"फर्शी ओली हाय बे. कावून हट्ट करतोस?"

हे तिसरं. आणि तिसऱ्यांदा आमच्याकडं काय करतात ते माझ्या हातानं आपोआप केलं. मी त्यांच्या मुठीतलं लिंबू काढून स्पीकरवर ठेवलं, दंड धरला आणि माइकवर म्हणालो, "आमच्या बीडचा माणूस लाजतो म्हणल्यावर बाकीच्यांनी काय करावं? टाळ्या होऊ द्या!" टाळ्या झाल्या. एवढ्या टाळ्यांत माणूस मागं फिरू शकत नाही. तेही हसले, वर आले, एक हात उंचावून दोन पावलं नाचले. बरे नाचत होते. मग जहाज जरा कललं आणि ते खुब्यावर पडले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. नुसतं "अल्ला" म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं.

स्पीकरवरच्या लिंबाच्या फोडी मी नंतर कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

पुढच्या बंदरावर त्यांना उतरवून दवाखान्यात न्यायचं ठरलं. त्याआधी अपघाताचा कागद भरावा लागतो. तो मीच भरायचा असतो. 'प्रवासी स्वेच्छेने सहभागी झाले,' असं मी इंग्रजीत लिहिलं. नवीन पद होतं, नियम मोडला म्हणून गेलं असतं. कागद सहीला घेऊन गेलो. चाचा पडल्या पडल्या म्हणाले, "शिकलेला हायस, वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. मराठीत, जसं होतं तसं. निदान तिथं तरी खोटं बोललो नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. त्यांनी सगळं ऐकलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि सही केली.

चार महिन्यांनी सुट्टीवर आलो. आईनं विचारलं, "आल्या आल्या कुठं निघालास?" म्हटलं, माजलगावला, एका ओळखीच्यांकडं. बीडला गाडी बदलली. वडवणीच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागं एसटी रांगत होती आणि मला ते बरंच वाटत होतं.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. तांब्याची तार, जळक्या वार्निशचा वास, दाराशी चिखलानं भरलेल्या पाणबुड्या. मुलगा मोटार उघडून बसला होता. मी कुठून आलो ते सांगितलं.

"अच्छा, तुमी का ते!" त्यानं पान्हा खाली ठेवला. "बसा ना, डायरेक्टर साहेब. तुमच्या जहाजानं आमचा अब्बा लई फेमस केला. गिऱ्हाईक आलं की इचारतं, डान्सर चाचा हाय का घरी?"

पडद्यामागून आवाज आला, "बोलत बसू नकोस. त्या मोटरीचा बुश तपासला का?"

"तुमी पडून राहा हो! न्हाई तर परत नाचाल." मग माझ्याकडं वळून, "जावा आत. हायत दोघं."

चाचा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, शेजारी वॉकर. चाची परातीत पीठ मळत होत्या. मला बघून चाचा एवढे खूश झाले की मला मान वर करवेना. "बघ, चौसाळ्याचं पोरगं आलं!" चाचींनी नुसतं बघितलं. जहाजावर "जेवतोस ना" म्हणणाऱ्या याच बाई.

"कसं वाटतंय चाचा?"

"झ्याक. संडासापर्यंत जातो की. पुढच्या महिन्यात दुकानात."

"कशाचं दुकान," चाची पिठाशीच बोलल्या. "मी तिकडं ओकून ओकून मेले होते. म्हणलं लिंबू आणतो म्हणून गेलेत, येतील. अन् हे नाचत होते. चाळीस वर्षं संसार केला. पोरगं हसतं, लोक हसतात, मला हसू न्हाई येत."

"मीच गेलतो नाचायला," चाचा म्हणाले. "किती येळा सांगू. आली लहर." आणि माझ्याकडं बघून त्यांनी मान बारीक हलवली. गप बस, अशी.

तेव्हा मला कळलं की या माणसानं चार महिने घरात काय सोसलं. खुब्याचं नाही. बायको नीट बोलत नव्हती, पोरगा टोमणे मारत होता, आणि ज्या एका वाक्यात सगळं मिटलं असतं ते वाक्य त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. माझ्या नोकरीसाठी. आपल्याकडचं पोरगं म्हणून.

"चाची," मी म्हणालो, "ते लिंबू घेऊनच येत होते. दोन फोडी होत्या, कागदी रुमालात. तीनदा नको म्हणाले. तुमची तब्येत सांगितली, फर्शी ओली आहे तेही सांगितलं. मी त्यांच्या मुठीतलं लिंबू काढून घेतलं आणि दंड धरून वर नेलं."

परातीतला हात थांबला. बाहेर पान्ह्याचा आवाजही थांबला.

चाची नवऱ्याकडं वळल्या. "लिंबू होतं?"

"मग काय," चाचा चिडून म्हणाले, "नाचायला लिंबू लागतं का?"

चाचींनी परात बाजूला सारली. मग मला विचारलं, "अन् त्या कागदावर काय हाय? पोरगं तक्रार करतो म्हणत होतं, तर ह्यांनी कागदाचं सांगून गप केलं त्याला."

"कागदावर ते स्वतःहून आले असं आहे."

"कुणी लिहिलं?"

"मीच. आता कंपनीला पत्र लिहितो, खरं काय ते."

"काय गरज न्हाई बे," चाचा म्हणाले. "नोकरी जाईल. हाड तर जुळलंय."

"लिहू द्या," चाची म्हणाल्या.

त्यांनी हात धुतले, वॉकर खाटेजवळ ओढून चाचांच्या हाताला लागेल असा ठेवला, त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली. चाचांनी डोळे मिटले. मग चाची परातीपाशी येऊन बसल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "जेवून जाता का?"

सकाळपासून पोटात काही नव्हतं. "नको," मी म्हणालो. तोंडातून रीतीनंच आलं.

"बरं," चाची म्हणाल्या.

मी उठलो. दाराशी बसून बूट घालायला मुद्दाम वेळ लावला. एक नाडी बांधली, सोडली, परत बांधली. मुलगा मोटारीवर वाकलेला होता, त्यानं मान वर केली नाही. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला होता.