तलकाडच्या वाळूतला उंबरा

आधीच सांगते, मी मसाल्याच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. जे तपासता येत नाही त्यावर मी सही करत नाही, मग ते हळद असो की भूत. हे इथे लिहितेय कारण ओळखीत कुणाशीही बोललं की पाच मिनिटांत राणीचा शाप निघतो. तलकाडची देवळं शापाने वाळूखाली गेली, ही गोष्ट मला पाठ आहे. कृपया कमेंटमध्ये पुन्हा सांगू नका.

आम्ही मूळचे नाशिकचे, नोकरीमुळे म्हैसूरला आलो. तिथल्या अग्रहार भागात गिरिजाक्कांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. अक्का बहात्तर वर्षांच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मराठी शिंपी घरातल्या. अजून ब्लाउज शिवतात. दोरा, गुंड्या, अस्तर स्वतः चालत जाऊन आणतात आणि येताना विठ्ठलाच्या देवळात डोकावतात. हा फेरा म्हणजे त्यांचा दिवस.

महिन्यातून एका रविवारी आमचा मराठी ग्रुप जुनी देवळं, किल्ले बघायला जातो. आयोजन माझ्याकडे, कारण बाकीच्यांना व्हॉट्सअॅपवर अंगठा दाखवण्यापलीकडे काही जमत नाही. फेब्रुवारीत तलकाड ठरलं. अक्का म्हणाल्या, मीही येते.

सातची बस पावणेआठला निघाली. वाटेत टी. नरसीपूरला कॉफीसाठी दहा मिनिटं दिली होती, त्याची पस्तीस झाली. तलकाडला पोहोचेपर्यंत माझं डोकं तापलं होतं. पहिलं देऊळ बघून दुसऱ्याकडे वाळूतून निघालो. अक्का सगळ्यांत मागे, चपला हातात घेऊन अनवाणी. वाळू सपाट, मऊ, मोकळी. मी पुढून ओरडले, "अक्का, चला ना! संध्याकाळ करायचीय का इथं?"

मागे धप्प आवाज झाला. अक्का पडल्या होत्या.

उजवं मनगट मोडलं. म्हैसूरला परतून प्लास्टर घातलं. अक्कांचा मुलगा मंजू धावत आला. डॉक्टरांनी विचारलं, "कशाला अडखळलात?"

"उंबऱ्याला," अक्का म्हणाल्या.

"देवळाच्या?"

"देऊळ कुठं होतं तिथं? वाळूत उंबरा होता. दगडाचा."

डॉक्टरांनी मंजूकडे पाहिलं. मग अक्कांना वार विचारला, महिना विचारला. "वार रविवार," अक्का म्हणाल्या, "आणि तुमचं घड्याळ पाच मिनिटं मागं आहे, ते बघा." पण व्हायचं ते झालं होतं. 'पाय घसरला' म्हणाल्या असत्या तर विषय संपला असता.

मंजूने फाटकाची किल्ली स्वतःकडे घेतली. प्लास्टर निघालं की आईला हुणसूरला बहिणीकडे ठेवायचं, असं ठरवून टाकलं. "वैनी, नसलेले दगड दिसायला लागले तिला. उद्या रस्त्यात काय दिसेल?"

"मी काय सुम्ने, उगीच पडले?" अक्का आतून ओरडल्या. "उंबरा होता तिथं, अल्वा? होता की नाही! हा अंगठा बघ."

अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. ते मीही पाहिलं होतं. मऊ वाळूत नख काळं होत नाही हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं... पण मीही मंजूच्याच बाजूने होते. रोज वर ऐकू येत होतं — उंबरा, उंबरा. शेवटी वैतागून म्हटलं, एकदाचं दाखवूनच टाकू.

आमच्यातले पाटणकर उलटं चालत सगळ्यांचं शूटिंग करतात. ते व्हिडिओ आजवर कुणी पूर्ण पाहिलेले नाहीत. मी तलकाडचा मागवून घेतला आणि अक्का नि मंजूसमोर टीव्हीवर लावला.

"बघा अक्का, सपाट वाळू. दिसतोय उंबरा?"

"जमीन काय बघतेस? पाय बघ."

पाटणकरांच्या सौ. फोनवर बोलत येत होत्या. एका जागी त्यांनी उजवा पाय उचलला, घरात शिरताना उचलतो तसा, आणि पलीकडे टाकला. मागून एक आयटीवाली मुलगी, सेल्फी घेत. तिनेही तिथेच. मग एकेक करत सगळ्यांनी, अगदी त्याच जागी. खाली एकानेही पाहिलं नव्हतं. मग मी आले. मान पूर्ण मागे वळवलेली, तोंड उघडं, ओरडतेय... आणि माझाही पाय उचलला गेला.

शेवटी अक्का. माझ्या हाकेने दचकून घाईने निघाल्या. पाय उचलायच्या आत अंगठा मध्येच थांबला, जणू कशावर तरी आपटला. पुढे वाळूच होती, नुसती.

मंजूने तेवढा भाग सहा वेळा मागे नेऊन पाहिला. अक्का म्हणाल्या, "साकु, पुरे आता. सीरियल लाव."

पुढच्या रविवारी मी आणि मंजू पुन्हा गेलो. अक्कांची कापड मोजायची लाकडी गजपट्टी नेली. व्हिडिओतली झाडं जुळवून जागा काढली आणि पट्टी पूर्ण आत खुपसली. चार ठिकाणी. वाळू, वाळू, वाळू, वाळू. काय चाललंय विचारत रखवालदार शिट्टी मारत आला, "एन्री माडतायिदीरा?" मंजूने आईचं कानातलं हरवलंय म्हणून सांगितलं. तो गेल्यावर आम्ही पाय घासत त्या जागेवरून दहा वेळा चाललो. काही नाही. भर उन्हात दोन प्रौढ माणसं वाळूत पाय घासतायत, आणि बाजूला एक शाळेची सहल आमच्याकडे बघतेय! मी म्हटलं, "चला, मूर्खपणा पुरे."

जागेचं शूटिंग करायला लावलेला माझा फोन हातात तसाच चालू राहिला होता. घरी आल्यावर पाहिलं. शेवटी आम्ही परत निघालो तेव्हाचं शूटिंग होतं — फक्त आमचे पाय, आणि वर 'इडली कुठे चांगली मिळते' यावर वाद. त्या जागी आधी मंजूचा पाय उचलला गेला. मग माझा.

मंजू उठला. खाली जाऊन त्याने फाटकाची किल्ली अक्कांच्या मशीनवर ठेवली. मीही गेले. म्हटलं, "अक्का, चुकलं माझं. घाई मी केली, आणि वर तुम्हालाच वेडं ठरवलं."

"होऊ दे," त्या म्हणाल्या. डाव्या हाताने किल्ली कमरेला खोचली, पिशवी उचलली. "बटणं आणते. तुला काही हवंय?"

हुणसूर रद्द झालं. तलकाडच्या त्या वाळूत काय आहे ते मला माहीत नाही. तज्ज्ञांना विचारण्याइतकं धाडस नाही. विचारणार तरी काय? या महिन्यात ग्रुपला पुन्हा तलकाडच हवंय. मी सूचनांमध्ये पाणी, टोपी, वेळ यांच्याखाली एक ओळ घातली: 'दुसऱ्या देवळाकडे जाताना कुणीही कुणाला हाक मारू नये.'

पाटणकरांनी लगेच विचारलं, का?

माहीत असतं तर लिहिलं नसतं का?