आठशे अठ्ठावीस स्लाइड्स, आठशे एकोणतीस फोटो

माझ्या वडिलांनी घरात कधी अंगारा-ताईत येऊ दिला नाही. पाढ्यांच्या आधी मला बावीस प्रतिज्ञा पाठ झाल्या होत्या, आणि माझं लग्न मुद्दाम अमावास्येला लागलं. तेव्हा हे लिहिणारा माणूस कोणत्या घरातला आहे ते आधी लक्षात घ्या. जे घडलं ते आकड्यांसकट मांडतो. चूक सापडली तर जरूर सांगा... मला बरंच वाटेल.

२०१४ चा नोव्हेंबर. जर्मनीत, वाल्डॉर्फजवळच्या एका खेड्यात आम्ही भाड्याने राहत होतो. मी तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत. खाली घरमालकीण, फ्राउ श्टाउफर. मी त्यांना 'फ्राउ', म्हणजे बाई, म्हणायचो आणि त्या मला 'हेर', म्हणजे साहेब. वय चौऱ्याऐंशी, पंथ मेनोनाइट. ख्रिश्चनांमधले हे जुने, साधे लोक : शस्त्र धरायचं नाही, बाप्तिस्मा मोठेपणी आपल्या मर्जीने घ्यायचा, आणि स्वतःला मिरवायचं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या प्रार्थनाघरात सगळ्यांचं एकत्र जेवण असे. बाईंनी मला आणि माझ्या बायकोला, सुजाताला, बोलावलं तेव्हा मी म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत." त्या म्हणाल्या, "बटाटे खाता ना? मग या."

जेवणानंतर भांडी पुरुषांनी घासायची, ही पद्धत त्यांच्या नवऱ्याने, एर्न्स्टनी, पाडलेली. पाळ्यांची यादी भिंतीवर लावलेली असे. वर्षभरात तीत माझंही नाव चढलं.

एर्न्स्ट अकरा वर्षांपूर्वी वारले होते. मंडळीतले सगळे फोटो तेच काढत, तेही स्लाइडवर. एके दिवशी बाईंनी ते डबे माझ्यापुढे ठेवले.

"जानेवारीत मी वृद्धाश्रमात चाललेय. त्याआधी हे सगळ्यांना पडद्यावर दाखवायचंय. आणि हेर गायकवाड, यात एर्न्स्ट कुठे दिसतो का, तेवढं बघा. लग्नातला एक फोटो सोडला तर माझ्याकडे त्याचा फोटोच नाही."

"एकही नाही?"

"कॅमेरा दुसऱ्याच्या हाती कधी दिलाच नाही त्याने. म्हणायचा, फोटो काढणाऱ्याने मध्ये यायचं नसतं."

तेवीस डबे, प्रत्येकात छत्तीस स्लाइड्स. एकूण ८२८. माझ्या स्कॅनरच्या चौकटीत एका वेळी बारा बसत, म्हणजे डब्याला बरोबर तीन फेऱ्या. बटाटे सोलणाऱ्या बायका, बाकं उचलणारे पुरुष, गाण्याची तालीम, अंगणात सफरचंदाचा रस काढणं, दारातला बर्फ ओढणं... सगळं गाव त्यात होतं, एर्न्स्ट नव्हते. सतराव्या डब्यात गवतावर त्यांची सावली सापडली. बस्स.

"अहो, आता सावलीवरच भागवा त्यांचं," सुजाता म्हणाली. "आणि आपल्या घरातले फोटोही बघा जरा. त्यात तरी तुम्ही कुठे आहात?"

शनिवारी दुपारी एकोणिसावा डबा घेतला. तीन फेऱ्या झाल्या. फोल्डरमध्ये सदतीस फायली होत्या.

मी शेवटची उघडली. सिंकपाशी बाह्या दुमडून उभा असलेला एक उंच म्हातारा, हात फेसात, मान मागे वळवून कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. खालच्या मजल्यावरचा लग्नाचा फोटो मी रोज जाता-येता बघायचो. नाक तेच, कानही तेच.

सुजाता माझ्या खांद्यावरून बघत होती. "सापडले की!" म्हणाली, आणि मग स्क्रीनवर बोट टेकवलं. "अहो... ती टाइल बघा."

प्रार्थनाघराचं स्वयंपाकघर सहा वर्षांपूर्वी नवं बांधलेलं. म्हणजे एर्न्स्ट गेल्यावर पाच वर्षांनी. सिंकमागे हिरव्या टाइल्स. आदल्या वर्षी सुपाचं मोठं पातेलं उचलताना मी ते भिंतीवर आपटलं आणि एक टाइल फुटली. तसा रंग कुठे मिळेना, म्हणून जरा फिकट आणून मीच बसवली. वरून तिसरी ओळ, डावीकडून चौथी. फोटोत एर्न्स्टच्या खांद्याशेजारी तीच होती. कडेला माझ्या हाताने वाकडं भरलेलं सिमेंटही.

चौकट काढून बघितली, काच पुसून बघितली. डबा पुन्हा स्कॅन केला : छत्तीस. सगळे तेवीस डबे पुन्हा मोजले : ८२८. लॅपटॉपला हात लावणारं घरात तिसरं कोणी नव्हतं. शिवाय ज्यांच्या नवऱ्याचा एकच फोटो जगात आहे, त्यांची अशी थट्टा कोण करणार?

रविवारी छापील प्रत घेऊन खाली गेलो. टाइलचं आधीच सांगून टाकलं. लपवणं मला जमलं नसतं. बाईंनी चष्मा लावला. फोटो डोळ्यांजवळ धरला.

"तर मग," म्हणाल्या. "हा फोटो कुठून काढलाय कळतंय का तुम्हाला? त्याची पाळी असली की मी पुसायला जायचे. तिथून. फडकं शोधत मागे राहिले की असाच वळून बघायचा."

"पण काढला कोणी?"

"ते तुम्ही शोधा. मोजायला तुम्हाला आवडतं." फोटो त्यांनी पर्समध्ये ठेवला. "आणि हा पडद्यावर दाखवायचा नाही. त्याला आवडणार नाही."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, जेवणानंतर, आम्ही ८२८ दाखवल्या. लोक हसले, रडले, एकमेकांची तरुणपणची नावं घेऊन ओरडले. नंतर भांड्यांची पाळी माझी होती. मी घासत होतो तेवढ्यात फ्राउ श्टाउफर काठी टेकत आत आल्या. पर्स खांद्याला तशीच. खुंटीवरचं फडकं घेतलं आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या. एक ताट त्यांनी उजेडात धरलं आणि मला परत दिलं.

"साबण राहिलाय. एर्न्स्टच्या हातून असं कधी झालं नाही."

मी ते पुन्हा धुतलं. देताना मान वळवली, तर त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या खांद्याशेजारच्या फिकट टाइलकडे बघत हसत होत्या.

ती ८२९ वी फाइल आजही माझ्याकडे आहे. तिची स्लाइड नाही. माझी मोजणी चुकलेली नाही, एवढं मी ठामपणे सांगतो. त्यापुढचं मला सांगता येत नाही.