नोंदीत न आलेले वाक्य

बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर पेमेंट विभाग आहे. खिडक्या भरपूर, पण पडदे कायम ओढलेले, कारण दुपारचे ऊन थेट स्क्रीनवर येते. आठ टेबले, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर मोठे घड्याळ. घड्याळाखाली लाल अक्षरांत चिकटवले आहे : चार वाजता बंद. चारच्या आत इथून ज्या फाइली सुटतात, त्यांतले पगार, पेन्शन आणि कर्जाचे हप्ते दुसऱ्या दिवशी सकाळी इतर बँकांतल्या खात्यांत पोचतात.

या विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे थांबाताई म्हणत, तोंडावरसुद्धा. एकोणीस वर्षांत त्यांनी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द तो. खाते कालच उघडले आहे, थांबा. कंपनीचा माणूस फोनवर फारच गोड बोलतोय, थांबा. एका बसमालकाने खाली काउंटरवर येऊन आवाज चढवला होता, "या बाईंना चौकात सिग्नलच्या जागी उभं करा, गाव सुधारेल." त्याच्या पगाराच्या यादीत नोकरी सोडून गेलेली नऊ माणसे निघाली. त्यानंतर तो स्वतः आला नाही, मुनीमाला पाठवू लागला.

विभागाचा नियम दोन हातांचा. एकाने फाइल तपासून तयार करायची, दुसऱ्याने आपल्या पासवर्डने ती सोडायची. सोडण्याचे काम चाळिशीतल्या एका गृहस्थाकडे होते. त्यांना मंजुरीवाले म्हणत. ते पूर्वी दुसऱ्या एका बँकेत कॅशला होते. हे काम त्यांना ताईंनीच शिकवले. नोकरीत पक्के व्हायला त्यांना सहा महिने उरले होते.

दर अठ्ठावीस तारखेला पाणीपुरवठा खात्याच्या निवृत्त कामगारांच्या पेन्शनची फाइल येई. सहाशे बारा माणसे, रकमा ठरलेल्या. एखादा वारला तर तेवढाच फरक. सिस्टिम मागचे पस्तीस दिवस चाळते. तिला गेल्या महिन्याची फाइल सापडे आणि स्क्रीनवर पिवळी चौकट उघडे : अशीच फाइल आधी आली आहे, पुढे जायचे का? ती दर महिन्याला येई आणि दर महिन्याला खोटी निघे. ताईंनी तीन वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी पत्र दिले होते. विनंती यादीत घेतली आहे, असे उत्तर आले. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

त्या महिन्यात पेन्शन फंडाच्या कारकुनाने सकाळी फाइल पाठवली. पोच यायला उशीर झाला. ती गेलीच नाही असे समजून त्याने जेवणानंतर नवे नाव देऊन तीच पुन्हा पाठवली. सकाळी ताई खाली बैठकीत होत्या आणि मंजुरीवाले अर्ध्या दिवसाच्या रजेवर. बदलीवरच्या माणसाने पहिली फाइल नेहमीसारखी सोडून दिली होती. दुसरी तीन चाळीसला समोर आली.

"ताई, पिवळी आली," मंजुरीवाले म्हणाले.

ताई कर्जाच्या फाइलीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पेन्शनची ना? दर महिन्याचंच आहे ते. जाऊ द्या."

मंजुरीवाल्यांनी फाइल सोडली.

दुसऱ्या दिवशी सहाशे बारा खात्यांत पेन्शन दोनदा जमा झाली. चुकून जमा झालेले पैसे परत मागायला मुदत असते. ताईंनी साडेनऊच्या आत सगळ्या बँकांना मागणी पाठवली. चार दिवसांत बहुतेक रक्कम परत आली. तेवीस जणांनी मात्र पैसे काढले होते. त्यांना फोन ताईंनी स्वतः केले.

"दोनदा आले, मी समजलो फरक मिळाला," एक जुने फिटर म्हणाले.

"चूक आमची आहे, काका. थोडे थोडे दिलेत तरी चालेल."

"मी कवळी करायला टाकली हो त्यातून. वरची झाली, खालची बाकी आहे."

"मग खालचीचे उरले असतील?"

"आहेत की. नुसत्या वरचीनं हसता तेवढं येतं. पाठवतो, बाई."

मग चौकशी लागली. सिस्टिमच्या नोंदीत सगळे होते : तीन बेचाळीस, मंजुरीवाल्यांचा क्रमांक, चौकट उघडल्यापासून 'पुढे' दाबेपर्यंत नऊ सेकंद. नोंदीत आवाज येत नाही. जोखीम विभागाच्या अधिकाऱ्याने कागद चाळून सांगितले, "सरळ आहे. चौकट वाचली नाही. याला पक्कं करण्याचा प्रश्नच येत नाही."

ताईंच्या निवृत्तीला चार महिने होते. आणखी दोन वर्षे ठेवून घेण्याचे पत्र तयार होऊन मोठ्या साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडले होते.

घरी नवऱ्याने डोळ्याला भिंग लावून एक मनगटी घड्याळ उघडले होते. तो घड्याळे दुरुस्त करतो. हल्ली दिवसाला दोन आली तरी खूप.

"त्यानं तुझं नाव घेतलं?"

"नाही."

"मग तू कशाला घेतेस?"

"त्यानं घेतलं नाही म्हणून."

"त्याचं वय आहे अजून. लागेल दुसरीकडे."

"पैसे दोनदा सोडले म्हणून काढलेल्या माणसाला कोण ठेवतं? तू ठेवशील?"

त्याने चिमट्याने एक स्क्रू उचलून बशीत ठेवला. "फ्लॅटचे बावीस हप्ते आहेत अजून," तो म्हणाला.

"माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी ताईंनी मंजुरीवाल्यांना विचारले, "तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"बटण मीच दाबलं ना, ताई."

"दाबलंत. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून सोडायचं, तर दोन हात कशाला ठेवलेत? अर्धी चूक तुमची आहेच. तेवढीच घ्या."

ताईंचा अहवाल दीड पानाचा होता. पहिली ओळ अशी : 'जाऊ द्या' असे मी म्हणाले, स्क्रीन न बघता.

समितीत तिघे होते. मोठ्या साहेबांनी विचारले, "याला पुरावा काय?"

"नाही. नोंदीत असता तर मला लिहावं लागलं नसतं."

"घाई होती का? घरचं काही? तब्येत?"

"काही नव्हतं. इतके महिने ती खोटी निघाली. त्या दिवशी मी बघितलं नाही. दुसरं कारण हवं असेल तर मला रचावं लागेल."

"दुरुस्तीचं पत्र दिलं होतंत ना तुम्ही?"

"एकदा. मग मीही सवय करून घेतली."

मंजुरीवाल्यांना लेखी ताकीद मिळाली आणि पक्के होणे वर्षभर पुढे गेले. नोकरी राहिली. ताईंना कोणी काही बोलले नाही. दोन वर्षे ठेवून घेण्याचे ते पत्र मात्र वरच्या मजल्यावरून खाली आले नाही.

ताईंच्या शेवटच्या महिन्यातही अठ्ठावीस तारीख आली. दुरुस्ती अजून यादीतच होती. पावणेचारला पिवळी चौकट उघडली. मंजुरीवाल्यांनी फोन उचलून कारकुनाचा नंबर फिरवला.

"आज किती पाठवल्या?"

"एकच हो," पलीकडचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत आला. "दर महिन्याला विचारता. माझ्यावर भरवसा नाही का?"

"नाही. माझ्यावरही नाही."

त्यांनी वहीत वेळ लिहिली, कारकुनाचे नाव लिहिले, सकाळपासून सुटलेल्या फाइलींच्या यादीवरून बोट फिरवले. मग वळून म्हणाले, "ताई, सोडू?"

"मला कशाला विचारता?"

मंजुरीवाल्यांनी चौकट पुन्हा वाचली आणि बटण दाबले. चारला आठ मिनिटे होती. ताईंनी कर्जाची फाइल उघडली.