कोंडवाड्याची कडी

बर्फावरच्या हॉकीत ज्याच्याकडून आगळीक होते त्याला दोन मिनिटं कडेला नेऊन बसवतात, तोवर त्याचा संघ एका गड्यानं कमी खेळतो. एक बाक, समोर काच, एक दार, दाराला कडी. आमच्या कुइवाकोस्की गावात त्या जागेला सगळे कोंडवाडाच म्हणत, आणि त्या कोंडवाड्याची कडी सव्वीस वर्षं माझ्या हातात होती. शिक्षा झालेला गडी आत आला की दार लावायचं, घड्याळावर त्याची दोन मिनिटं संपली की उघडायचं. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही गावातली, एका शेगडीभोवती चार इयत्ता बसायच्या. पण शून्य ओळखता येत होतं. या कामाला तेवढं पुरलं.

कोंडवाड्यात माणूस बोलतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. एक गडी तिथं बसून रडला होता, कारण सकाळी बायकोनं त्याचा कुत्रा मेहुण्याला देऊन टाकला होता. एक जण रात्रपाळी करून आला होता, तो चक्क घोरायला लागला. त्याची शिक्षा संपल्यावर मी त्याचा कान ओढला, तर म्हणतो कसा, “आई, पाच मिनिटं अजून.” आणि एका जानेवारीत थंडी उणे तीसच्या खाली गेली होती. आमच्या मैदानाला वर पत्रा आणि बाजू उघड्या. कडी गोठली ती हलेचना. मी थर्मासमधली कॉफी तिच्यावर ओतली, तेव्हा कुठं दार उघडलं, पण नऊ सेकंद गेलीच. तेवढ्यात आमच्यावर गोल झाला. मला कुणी बोललं नाही, कॉफी वाया गेली म्हणून मात्र बायको बोलली.

पण तिथं सगळ्यात जास्त बसला तो वेयो हाकोला. सकाळी सहा ते दोन लाकडाच्या मिलमध्ये करवतीवर, संध्याकाळी बर्फावर. असा अर्धा कामगार आणि अर्धा खेळाडू, आमच्या संघातले सगळेच तसे. वेयो बचावपटू. आमच्याकडे बचावपटूला ‘पाक्की’ म्हणतात, मोटारीच्या मागे जायच्या गिअरलाही पाक्कीच म्हणतात, आणि पोरीनं नकार दिला तर तिनं पाक्की दिली असं म्हणतात. वेयोच्या बाबतीत तिन्ही अर्थ खरे होते. तो समोरच्याकडे तोंड करून उलटा असा सरकायचा की बघत राहावं. आणि हेल्वी नावाच्या पोरीनं त्याला दोनदा पाक्की दिली होती. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, “पाक्कीला पाक्की देऊन देऊन मीच थकले. कर बाबा लग्न.”

वेयो बाहेर फारसा बोलत नसे. त्याचं आयुष्य मला दोन-दोन मिनिटांनी कळलं.

हेल्वी समुद्राकाठच्या वासा गावची. तिला आमच्या झाडांची भीती वाटायची. म्हणायची, खिडकीतून बघावं तर झाडं, झाडांच्या मागं बघावं तर झाडं. लग्नानंतर एक हिवाळा इथं काढू आणि वासाला जाऊ, असं दोघांचं ठरलं होतं. त्याच वसंतात आमचा संघ वरच्या गटात चढला. ही त्र्याहत्तर सालची गोष्ट. मिलचा फोरमन टेन्हो लांपिला हाच संघाचा अध्यक्ष. तो वेयोच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. कॉफी झाली, दुसरी झाली, वेलचीचे पाव संपले, तरी हा उठेना. शेवटी वेयो म्हणाला, “ठीक आहे. संघ या गटात आहे तोवर मी आहे.” आणि हात मिळवला.

यात फसण्यासारखं काय होतं? काहीच नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की एका हिवाळ्यात आम्ही पुन्हा खाली घसरणार. हेल्वीलाही ठाऊक होतं. तिनं माहेरून आलेलं कपबश्यांचं खोकं उघडलंच नाही. दोन कप वर काढले आणि बाकीचं खोकं पलंगाखाली सरकवलं.

आम्ही घसरलो नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, चौदा वर्षं नाही. का, तर वेयो अडवत होता. समोरच्या संघाचे पोरगे चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती घेऊन वाऱ्यासारखे यायचे आणि हा उलटा सरकत त्यांना असा कोपऱ्यात नेऊन ठेवायचा, की त्यांनाच वाटावं, आपल्याला इथंच यायचं होतं. तो जितका चांगला खेळायचा तितका त्याचा मुक्काम लांबायचा. एकदा कोंडवाड्यात मी त्याला हे हसत हसत सांगितलं.

“मग वाईट खेळू?” तो म्हणाला.

“खेळून बघ की.”

“बघितलं. मागच्या मंगळवारी. पहिली पाच मिनिटं जमलं.”

“आणि मग?”

“मग चकती आली.”

तुम्ही म्हणाल, लांपिलाला जाऊन सांगायचं, बाबा रे, मोकळं कर. सांगितलं होतं त्यानं, चार वेळा. लांपिला वाईट माणूस नव्हता, हीच अडचण. तो कॉफी ओतायचा आणि म्हणायचा, “कोण अडवतंय तुला? संघ खाली गेला की जा. माझा हात तुझ्या हातातच आहे.” त्यात मिलवाल्यांनी संघातल्या दहा जणांना दिवसपाळी आणि प्रवासाची सुट्टी दिली होती, ती संघ वरच्या गटात आहे तोवरच. संघ घसरला की त्या दहांतले सहा-सात तरी मंदीच्या दिवसांत घरी बसले असते. वेयोच्या जोडीला खेळणाऱ्या यार्मोला नुकतीच जुळी झाली होती. वेयो रोज त्याच्या शेजारीच करवतीवर उभा असायचा.

शहाऐंशीच्या शरदात हेल्वीची आई अंथरुणाला खिळली. हेल्वी नर्स, तिला वासाच्या इस्पितळात जागा मिळाली. दहा वर्षांची सारा आणि ते पलंगाखालचं खोकं घेऊन ती गेली. भांडण नाही, काही नाही. वेयोनं मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या ओठातून रक्त येत होतं आणि शिक्षेचं एक मिनिट दहा सेकंद उरलं होतं.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, शब्द तू दिलास, मी नाही. मी तुला सोडत नाही, घरी जातेय. सुटलास की ये.”

“आणि खोकं?”

“म्हणाली, तू आलास की मिळून उघडू.”

त्या हिवाळ्यात तो महिन्यातून दोन रविवार पाच तास गाडी चालवत वासाला जायचा आणि पाच तास परत. परत आला की सोमवारच्या सरावात त्याला कुणी चिडवायचं नाही. एरवी कुणाला सोडणारी पोरं नव्हती ती.

आता मार्चमधला शेवटचा सामना सांगतो. रविवार, दुपारी दोन. जिंकलो तर वरच्या गटात राहणार, बरोबरी झाली तरी खाली. सगळं गाव आलं होतं, चर्चच्या पाळकानं उपासना अर्धा तास आधीच आटोपली होती. शेवटची अडीच मिनिटं उरली तेव्हा आम्ही तीन, ते दोन. आणि दोन मिनिटं वीस सेकंद उरलेली असताना वेयोनं काठी घालून एकाला पाडलं. गोलापासून दूर, काही गरज नसताना. रेफरीनं हात वर केला. वेयो येऊन माझ्या शेजारी बसला. मी कडी लावली.

पाचाच्या जागी आमचे चार. मैदानभर आरडाओरडा आणि कोंडवाड्यात नुसता त्याचा श्वास.

“मुद्दाम पाडलंस?” मी विचारलं.

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

“उन्तो, खरंच माहीत नाही रे.” त्यानं हातमोजे काढले, पुन्हा घातले. “सारा आता माझ्याशी फोनवर बोलताना शब्द निवडून बोलते. पाहुण्याशी बोलावं तशी.”

समोर यार्मोनं एक चकती छातीवर घेतली आणि कसाबसा उठला. घड्याळावर वेयोचं एक मिनिट उरलं होतं. तो यार्मोकडे बघत होता आणि गुडघ्यावर मूठ आपटत होता, हळूहळू, सेकंदाच्या ठोक्यावर.

“म्हाताऱ्या,” तो म्हणाला, “दार उघडू नको.”

“काय?”

“कडी गोठली म्हण. मागं गोठली होती की. वीस सेकंदांचा प्रश्न आहे.”

मी कडीकडे बघितलं. त्या दिवशी पत्र्यावरून थेंब गळत होते, एवढं ऊन होतं. तरी कुणी मला विचारलं नसतं. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल एक तक्रार नव्हती. मी मनातल्या मनात म्हटलं, उन्तो, आयुष्यात एकदा तरी उशीर कर. माणूस घरी जाईल. यार्मोचं काही ना काही होईल, जंगलात कामं असतात, तरुण आहे. मी हात मांडीखाली घेतला आणि त्याच्यावर बसलो. खरंच बसलो, हसू नका.

“तीस,” वेयो म्हणाला. मग, “दहा.” तो घड्याळ बघत नव्हता. त्याला ते आतूनच कळत असे.

आणि शून्य झालं. हात मांडीखालून कधी निघाला मला कळलं नाही. कडी उघडी, दार उघडं. मी वेयोकडे वळलो, म्हटलं, बस, तू तरी बसून राहा. तर बाक रिकामा. दार अर्धं उघडलं तेव्हाच तो त्यातून गेला होता. चौदा वर्षं उलटा सरकणारा माणूस त्या दिवशी सरळ धावला, तोंड पुढं करून, आपल्याच गोलाकडे. त्यांच्या दांडग्या पोरानं लांबून काठी मागं नेली, आमचा गोलकीपर भलत्याच बाजूला पडलेला, अख्खा गोल उघडा. वेयो लाकडाचा ओंडका लोटून द्यावा तसा आडवा सरकत गेला आणि चकती त्याच्या नडगीवर बसली. तो आवाज मला कोंडवाड्यापर्यंत आला. चकती कोपऱ्यात गेली आणि भोंगा वाजला.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. लांपिला रडत होता, त्याच्या टोपीचे कान लोंबत होते. खांद्यावरून वेयोनं एकदा काचेतून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. चोरी करताना दोघं मिळून पकडले गेल्यावर बघतात तसं.

मैदानाच्या तिकीटघरात टेलिफोन होता. लंगडत येऊन त्यानं तिथून वासाला फोन लावला. मी तिथं झाडत होतो, मुद्दाम नाही, माझं कामच होतं ते.

“हो,” तो म्हणाला. “ऐकलंस का रेडिओवर?” मग नडगी चोळत ऐकत राहिला. “हो, लागलं थोडं.” पुन्हा ऐकलं. “बरोबर आहे. नाही, नाही, बरोबर आहे तुझं.”

फोन ठेवून तो तिथल्या स्टुलावर बसला.

“काय म्हणते?” मी विचारलं.

“म्हणाली, छान अडवलंस.”

“अजून?”

“घरात कप पुरत नाहीत म्हणाली. आईला बघायला माणसं येतात.” तो बुटाची नाडी सोडायला वाकला. “खोकं उघडलं तिनं. आत्ताच, सामना संपल्यावर.”

मी झाडत राहिलो.

ऑक्टोबरमध्ये नवा मोसम सुरू झाला. पहिल्याच सामन्यात, सातव्या मिनिटाला, वेयो कोंडवाड्यात आला. मी कडी लावली. त्याची नडगी भरून आली होती, फक्त बसताना तो पाय जरा बाहेर टाकून बसायचा.

“गोठली म्हणायचं होतंस,” तो म्हणाला.

“बसून राहायचं होतंस.”

तो हसला. मीही हसलो, पोट धरून, शेजारचा वेळ लिहिणारा मास्तर वळून बघायला लागला.

“रविवारी जातोस का अजून?” मी विचारलं.

“जातो. कॉफी देते. सगळ्या कपांना सोनेरी काठ आहे, मला ठाऊकच नव्हतं.”

“यंदा घसरू कदाचित. बाकीच्या संघांनी पोरं चांगली आणलीत.”

“हो. यंदा घसरू.”

घड्याळावर दहा सेकंद उरली. वेयो आपणच उठला, गुडघ्यांत वाकला आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला. माझा हात कडीवर होता.