झमकूबाईचे गाल

आमच्या बंजारा तांड्यातल्या एकाही मोटारसायकलचा आरसा मागचा रस्ता दाखवत नसे. माझी थोरली बहीण झमकूबाई येता-जाता प्रत्येक आरसा आपल्या तोंडाकडे वळवून घेई आणि तसाच सोडून देई. पोरं बोंबलत. घरात माझा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती, तिची होती. ‘‘बाई, सत्तरी आली तुही,’’ म्हटलं तर म्हणे, ‘‘सत्तरी पायाले आली. तोंडानं काय पाप केलं?’’

बोरी अरबच्या आसपास कुठल्याही तांड्यात लग्न निघालं की बाईला बोलावणं येई. आमच्यात नवरी सासरी निघताना एकेका नातेवाइकाच्या गळ्यात पडून रडत गाते. त्याला ढावलो म्हणतात. समोरच्या बाईनंही तसाच गळा मोकळा करून उत्तर द्यायचं. झमकूबाईसारखं उत्तर कोणी देत नसे. पण एकदा लग्नाचा व्हिडिओ बघता बघता तिनं विचारलं, ‘‘हे गाल लोंबलेली बुढी कोन व्हय?’’ पडद्यावर तीच होती. तिथून ते तिच्या डोक्यात बसलं.

ते बोंडअळीचं वर्ष. अळीनं खाऊन उरलेल्या कापसाला भाव नाही, म्हणून तो पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला, आणि त्याच्या खाजेनं सगळं घर अंग खाजवत बसलेलं. अशात बाईची मुलगी ललिता आली. ती नागपूरला चामडीच्या डॉक्टरीणबाईकडे कामाला. म्हणाली, न कापता गालात दोरा घालून गाल वर ओढतात. माझं टाळकं फिरलं.

‘‘घरात कापूस पडून राह्यला, अन् तू दुसऱ्याचा दोरा तोंडात घालतं?’’

‘‘मामा, तो कापसाचा नसते. अंगातच विरघळून जाते.’’

‘‘विरघळते तो दोरा कायचा?’’

तरी घेऊन गेलो मीच. डॉक्टरीण कालची पोर, पण नीट सांगत होती. आधी सुईनं जागा बधिर करायची, मग लांब सुईनं कातडीखालून दोरा न्यायचा. दोऱ्याला बारीक काटे असतात, ते आतून धरून ठेवतात. सूज येईल, निळे डाग पडतील, ओढल्यासारखं वाटेल. दोनतीन आठवडे तोंड मोठं उघडायचं नाही, कडक चावायचं नाही, गाल चोळायचे नाहीत, कुशीवर झोपायचं नाही. आणि वर्ष-दीड वर्षात गाल पुन्हा उतरतील.

‘‘ऐकलं? पुन्हा उतरतीन!’’ मी म्हणालो.

बाई माझ्याकडे बघेल तर शपथ. ‘‘पोरी,’’ ती डॉक्टरणीला म्हणाली, ‘‘मले नवरी नोको करू. ह्या दोन थैल्या तेवढ्या उचल.’’

आता बाईची अक्कल पाहा. माझ्या नातीचं, पूजाचं लग्न पुढच्याच आठवड्यात होतं. लग्नाच्या तोंडावर घर सारवतात तसे गालही ताजे असावेत, म्हणून तिनं मुद्दाम हीच वेळ धरली होती. ललितानं फोटोंचा विचार केला, ढावल्याचा केला नाही. मग आठवडाभर बाई पेज प्यायली, कापसाच्या ढिगाला टेकून बसल्या-बसल्या झोपली, आणि हातवारे करून माझ्यावर हुकूम सोडत राहिली. एक समजला नाही की डोळे वटारी.

लग्नात गाल वर होते, हे खरं. प्रत्येक फोटोत ती पुढं. मग निघायची वेळ झाली. पूजा रडत, गात एकेकीच्या गळ्यात पडत आली. मागून ललिता आईच्या कानाशी कुजबुजली, ‘‘याडी, तोंड उघडजो नोको हं! दोरा सुटंन.’’ बाईनं ओठ घट्ट मिटले. पूजानं गळ्यात हात टाकून एक ओळ म्हटली, दुसरी म्हटली. उत्तर नाही. नुसतं नाकातून हूं हूं. नवऱ्याकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पोरगी थांबली.

‘‘आजी, माह्यासाठी नाही रडत तू?’’

झमकूबाईनं ललिताकडे एकदा पाहिलं. आणि तोंड उघडलं. असा गळा काढला की बँडवाले थांबले. पूजा तिला बिलगून पोटभर रडली आणि हलकी होऊन गाडीत बसली.

संध्याकाळी डावा गाल खाली आलेला, त्यात एक खळगा. मी चिडलो. ‘‘झालं समाधान? एवढी सुई खाल्ली ते कायले?’’

‘‘उजवा हाये ना अजून,’’ ती म्हणाली. ‘‘ह्याच बाजूनं फोटो काढाचा आता.’’

पुढं उजवाही उतरला. तिनं ललिताकडून पुन्हा तारीख घेतली, या वेळी तांड्यात कोणाचं लग्न नाही हे घरोघरी विचारून. त्या तारखेआधीच गेली, झोपेत. अंघोळ घातल्यावर ललिता दोन्ही तळव्यांनी आईचे गाल वर उचलून धरी. हात काढला की खाली. पुन्हा उचली. बाहेर माणसं खोळंबलेली, ऊन चढलेलं. मी दाराशी जाऊन म्हणालो, ‘‘पोरी, आता कोन पाहून राह्यलं?’’

‘‘मामा, थोडंसं.’’

तिनं गाल पुन्हा उचलून धरले. मी दार ओढून घेतलं आणि अंगणात घाई करणाऱ्यांवर खेकसलो, ‘‘बसा खाली! बाईची तयारी चालू हाये.’’