तिसरी हाक

सगळ्यात आधी वाडीवरच्या मावशीचं सांगते. माझ्या सासरच्या गावाला लागून, ओढ्यापलीकडं कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली ही. दिवाळी सरली की वीटभट्टीवर जाते, भट्टी उठली की उन्हाळ्यात गावात मजुरीला येते. नात्यानं ती माझी कुणी नाही. पण मी इथं मस्कतला खिडकीशी बसून हे लिहितेय आणि माझा सहा वर्षांचा मुलगा मागं फरशीवर पालथा पडून गाड्या खेळतोय, तो तिच्यामुळं. देवाचं नाव मी नंतर घेते. आधी तिचं.

आता झालं काय ते सांगते.

माझं माहेर शहापूरकडचं, तानसाच्या बाजूचं. शाळा पुढच्या गावात आणि मधे रान, म्हणून सातवीनंतर मला घरी बसवलं. भ्यायला मी तिथंच शिकले. आम्ही पोरी पानं खुडायला रानात जायचो तेव्हा माझी आत्या दर वेळी बजावायची, "नावानं हाक आली तर लगेच ओ द्यायची नाय गो. एक हाक भुताची, दुसरी चोराची, तिसरी आपल्या माणसाची. तिसरीला ओ द्यायची." कारण पहिल्या हाकेला ओ दिली की माणूस त्या आवाजामागं चालत जातो आणि परत येत नाही. खरं-खोटं आत्या जाणे. मी मात्र मोठी झाले, लग्न झालं, समुद्र ओलांडून परक्या मुलखात आले, तरी अजून पहिल्या हाकेला माझ्या तोंडून ओ निघत नाही.

या उन्हाळ्यात नवऱ्याला रजा मिळाली नाही. दोन्ही पोरांना घेऊन मी एकटीच गावी निघाले. मुलगी दोन वर्षांची, ती कडेवर. मुलाला ओढणीच्या टोकाशी बांधल्यासारखा धरलेला. विमानतळावर एवढी माणसं, एवढ्या भाषा. हा हात सुटून कुठं गेला तर मी कुणाला काय विचारणार? इंग्रजी मला येत नाही, हिंदी घाबरले की पळून जाते. तेव्हा मी त्याला आत्याचं ते वाक्य शिकवलं. म्हटलं, "चुकलास तर एका जागी गप बसायचं. कुणी हाक मारली तर बोलायचं नाही. एक हाक भुताची, दुसरी चोराची, तिसरी आपल्या माणसाची."

"भूत विमानतळावर पण असतं?"

"सगळीकडं असतं. गप."

थोड्या वेळानं भोंग्यावरून कुणा प्रवाशाचं नाव पुकारायला लागले. एकदा, परत एकदा, परत एकदा. मुलानं माझी ओढणी ओढली. "आई, तीन झाल्या. आता त्यांनी ओ द्यायला पाहिजे ना?" शेजारचा एक म्हातारा हसला. मीही हसले. मनात म्हटलं, चला, पोराच्या डोक्यात बसलं. तेवढंच मला हायसं वाटलं.

गाव मुरबाडच्याही पुढं, म्हसा गावावरून आत. पोचलो तेव्हा पोरं जीपमागं धावत आली. माझ्या मुलाचं खरं नाव त्या गावात कुणी घेतलंच नाही. चुलत भावंडांनी त्याला 'दुबई' करून टाकला. "मी मस्कतचा आहे," तो रडवेला होऊन सांगायचा. "म्हणजे दुबईच की रे," पोरं म्हणायची. आजी त्याला बाला म्हणायची, माझा दीर म्हणायचा शेठ.

मला मात्र दिवसभर चैन नसायचं. आवाराबाहेर विहीर, तिला कठडा गुडघ्याएवढा. लाकडांच्या ढिगात विंचू. मोटरसायकली घरासमोरून सुसाट. मी पोरांच्या मागं मागं फिरायची तर सासूबाई म्हणायच्या, "पोर मिठाचा हाय काय गो तुझा? इरघळल?" सगळ्या हसायच्या. मीही हसायची आणि पुन्हा मागं जायची.

ते दिवस राब भाजायचे होते. भाताची रोपं जिथं करायची त्या तुकड्यावर शेण, वाळल्या फांद्या, पालापाचोळा पसरून पावसाच्या आधी जाळतात, तो राब. आमचे तीन. मी पहिल्या दिवशी शेतावर भाकऱ्या घेऊन गेले तेव्हा मावशी पहिला राब लावायच्या तयारीत होती. एका हातात पेंढ्याचा पेटता चूड, दुसऱ्या हातात काठी. पण लगेच लावला नाही. राबाभोवती फिरत ती पाल्यावर काठी आपटत होती आणि ओरडत होती, "उठाऽऽ! जीव हाय त्यांनी उठाऽऽ!" एक फेरी, एक हाक. अशा तीन. तिसऱ्या हाकेनंतर जराशी थांबली, मग चूड लावला.

दीर बांधावर उभा. "मावशी, सशांना काय आवतण देतेस? माझ्याकडं लायटर हाय. एका मिनटात काम व्हतंय."

"तुझा लायटर बिडीला ठेव," मावशी म्हणाली. "आतमधी जीव जळला त भात उगवत नाय. माझा बाप तीन हाका मारायचा, मी पन मारते. मजुरी हाक मारायची वेगळी मागते काय तुझ्याकडं?"

तिचा आवाज फाटका होता. भट्टीच्या धुरानं गळा गेलाय, असं सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी यायच्या आतच दिरानं दुसरा राब लायटरनं पेटवून टाकला. वारा पडलेला असताना उरकून घ्यावं, एवढंच त्याच्या मनात. तिसराही तोच लावणार होता.

त्याच सकाळी पोरं तिसऱ्या राबाच्या बाजूला लपाछपी खेळायला गेली. मी मुलीला न्हाऊ घालत होते. रस्त्यावर बर्फाच्या गोळेवाल्याचा भोंगा वाजला आणि सगळी पोरं उधळत घरी आली. मी तांब्या हातात घेऊन तोंडं बघत गेले. त्यात माझा नव्हता.

"दुबई कुठं रे?"

"लपलाय."

"कुठं लपलाय?"

कुणाला माहीत नव्हतं. खरं तर त्याच्यावर राज्य आलं नव्हतं, म्हणून तो लपला, आणि ही पोरं गोळ्यामागं त्याला विसरून आली.

मी आधी परसात बघितलं. मग गोठ्यात. मग धावतच विहिरीवर. पाण्यावर पाला तरंगत होता, हलत नव्हता. माझ्या आधी सासूबाईंनी बोंब मारली. गाव जमलं. दीर शेताकडं निघाला होता, तो परत फिरला आणि घरातून गळ घेऊन आला. बादली विहिरीत पडली की काढायचा लोखंडी आकड्यांचा गळ. त्यानं तो दोरीला बांधला आणि आत सोडला. बादल्या काढताना मी तो शंभरदा पाहिलाय. त्या दिवशी तो पाण्यात बुडताना बघवेना. वर काय येईल, हे बघायला मी तिथं थांबले नाही. मुलगी जावेच्या अंगावर टाकली आणि पळत सुटले.

ओढ्यात हाक मारली. आंब्याखाली मारली. जिथं जिथं गेले तिथं एकेकदा मारली आणि पुढं धावले. उत्तर ऐकायला थांबायचं सुचतच नव्हतं. गावातली माणसंही चहूकडं ओरडत होती. कुणी शेठ, कुणी बाला, कुणी दुबई. शेताच्या वळणावर आले तर वरच्या दोन्ही राबांची काळी राख दिसली. दुसरा राब दिरानं सकाळी लावलाय. पोरं कधी खेळायला आली? त्याच्या आधी की नंतर? मला आठवेना. कितीही आठवलं तरी आठवेना.

तिसऱ्या राबापाशी मावशी होती. ती ओढ्यापलीकडून, वाडीच्या अंगानं आलेली. गावात काय चाललंय ते तिच्या कानावर गेलंच नव्हतं. तिच्या हातात चूड पेटलेला. मी बांधावर होते. मला ओरडायचं होतं, थांब मावशी. तोंड उघडलं, आवाज आला नाही.

"उठाऽऽ! जीव हाय त्यांनी उठाऽऽ!"

काठी पाल्यावर आपटली. काही नाही.

"उठाऽऽ!" एक सरडा निघून पळाला.

तिसऱ्या फेरीला तिचा आवाज पार फाटला. "उठाऽऽ रेऽऽ!"

कोपऱ्यात फांद्यांचा ढीग होता, पसरायचा राहिलेला. त्याच्या पोटातून बारीक आवाज आला, "ओऽऽ!"

मावशीनं चूड खाली टाकला आणि अनवाणी पायानं रगडला. मग दोन्ही हातांनी फांद्या उपसायला लागली. मी कशी पोचले मला माहीत नाही. आतून माझं पोर निघालं, केसात पाला, गालावर ओरखडे, घामानं भिजलेलं आणि शांत.

मावशीनं त्याला वरखाली बघितलं. "ससा निघतो, घोरपड निघते," ती म्हणाली. "ओ देनारं जित्राब आज पयल्यांदाच बघितलं." आणि मग ती बांधावर बसली. तळपाय भाजून लाल झाला होता.

मी मुलाला हलवून विचारलं, "सगळं गाव ओरडतंय, ऐकू आलं नाही?"

"आलं."

"मी हाक मारली ती?"

"ती पण आली. पण आई, तू एकदाच मारलीस." माझ्याकडं बघत तो म्हणाला, "मला वाटलं भूत आहे."

मावशीनं विचारलं, काय म्हणतो गो पोर? मी सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "बरोबर हाय त्याचं. शिकवलंस तसा वागला."

त्या दिवशी राब लावला नाही. सासूबाईंनी मावशीच्या पायाला खोबरेल लावलं, जेवायला बसवलं. साडी दिली ती तिनं घेतली नाही. "पोराला तीन हाका मी काय साडीसाठी मारल्या?" निघताना मात्र मला म्हणाली, "पुढल्या साली राबाच्या टायमाला ये. माझा गळा आता जातोय. हाक माराया मानूस पायजे."

"येते," मी म्हटलं.

सुट्टी संपली, आम्ही परत आलो. मुलाला मी आता उलटं शिकवलंय: माझ्या पहिल्याच हाकेला ओ द्यायची. तो मान डोलावतो. पण मघाशीच मी त्याला जेवायला हाक मारली, उत्तर नाही. दुसरी मारली, नाही. चार हातांवर बसलाय, मला दिसतोय, तरी छातीत लोखंडी गळ सुटल्यासारखं झालं. तिसऱ्या हाकेला तो म्हणाला, "ओ."

मावशी, दिरानं फोनवर सांगितलं की तुझा पाय बरा आहे, पण आवाज बसलाय तो बसलाच. पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्याला रजा मिळो न मिळो, मी येणार. चूड तुझ्या हातात राहू दे. राबाभोवती फिरून तिन्ही हाका मी मारीन, माझा मुलगा मारील, आणि तिसऱ्या हाकेनंतर तू थांबायचीस तेवढं आम्ही थांबू. तुझं देणं असंच फिटेल. दुसरं मला सुचत नाही.