टाकीवरचा कट्टा

गंगामाईला नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवून निघालेल्या माणसाचीच गाडी वाटेत का बिघडावी, हे त्या दिवशी मला काही केल्या समजेना. आमच्याकडे धान निघालं की नवा भात आधी वैनगंगेला, मग घरात. बायको भंडाऱ्याच्या दवाखान्यात होती. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन दुपारी ठरलेलं. सासूबाई जवळ होत्या, तरी तिने बजावलं होतं, "तुमी आल्याबिगर मी आत जात नाही." तिचा हट्ट मला पुरता ठाऊक. सकाळीच आसगावहून निघालो, पवनीच्या घाटावर नैवेद्य ठेवला आणि सासूबाईंना रांधायला न्यायचा तांदळाचा कट्टा, म्हणजे लहानसं पोतं, इकडे सगळेच नेतात तसा, मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर पोटाशी घेऊन भंडाऱ्याचा रस्ता धरला.

पवनी सुटली आणि गाडीने रंग दाखवले. रेस दिली की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी ओढायची नाही. क्लच घसरत होता. उतरून दाबून पाहिला तर अगदी व्यवस्थित. बसून निघालो की पुन्हा तेच. केबल ढिली केली. मग गाडी ओढू लागली, पण समोर गाय आली तेव्हा क्लच सुटेना, गियर कडकडून अडकला आणि गाडी हिसका देऊन बंद. केबल पुन्हा होती तशी आवळली, पुन्हा क्लच घसरला. प्लेटा झिजल्या म्हणावं, तर उभ्या गाडीत सगळं ठीक कसं? इतकी वर्षं ही म्हातारी गाडी मी स्वतःच खोलत आलो, पण त्या दिवशी माझं डोकंच चालेना. तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "स्ट्रेचर आणलं, पोरगी झोपतच नाही त्याच्यावर. डॉक्टर चिडून राहिले." नंबर गेला तर पुढची तारीख कधी मिळेल, कोण सांगणार? मला रडूच फुटलं. फोन ठेवला आणि म्हणालो, गंगामाई, मला काही कळत नाही, आता तूच पाहा.

तेव्हा बांधीच्या धुऱ्यावरून, भातखाचराच्या बांधावरून, एक म्हातारी रस्त्यावर आली.

"भंडाऱ्याले जाऊन राहिला का बाबू? मले घेऊन चाल."

"मावशी, गाडी बिघडली. मधातच थांबली तर?"

"थांबली त थांबली. अन् थो कट्टा पोटाशी धरून कायले बसला? पोरगं हाय का थे? दे माह्यापाशी."

ती मागे बसली, कट्टा मांडीवर घेतला. मी भीत भीत क्लच सोडला. गाडी निघाली. दुसरा गियर पडला, तिसरा पडला, आणि भंडारा येईपर्यंत एकदाही कुरकुर नाही. दवाखान्याच्या फाटकाशी तिने कट्टा माझ्या हाती दिला. "जाय, थे वाट पाहून राहिली असन." बायकोचं मी तिला वाटेत सांगितलं होतं की नाही, मला आजही आठवत नाही. वळून पाहिलं तर ती गर्दीत मिसळली होती.

पुढे घरी एकदा तसाच कट्टा टाकीवर ठेवून पाहिलं. मी बसलो की तो माझ्या पोटाने पुढे सरकायचा आणि हँडलजवळ क्लचची केबल दाबून ताणायचा, म्हणजे क्लच अर्धवट दाबलेलाच राहायचा. उतरलो की मागे यायचा. इतकं साधं होतं. पण त्या घडीला तिला कोणी पाठवलं, याचा उलगडा मला होत नाही, आणि आता मी तो शोधतही नाही.

त्या दिवशी मी आत पोहोचलो तेव्हा बायको स्ट्रेचरशेजारी उभी होती. मला पाहिलं आणि निमूट आडवी झाली. दारापर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. तिथे नर्सबाई म्हणाल्या, "सोडा आता, दादा." माझी बोटं काही केल्या सुटेनात. तेव्हा तीच हळूच म्हणाली, "भेऊ नका. जाऊ द्या मले."

मी हात सोडला. माईने ती मला परत दिली.